तुपातले पाणी : त्वचेवरील लेपांचा इतिहास आणि आपले बडोदे



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. आज त्यांच्या नावाने भरलेल्या सभेत बोलावयास उभे राहताना संकोच वाटतो. कारण बोलण्याचे काम त्यांचे होते, ऐकण्याचे आमचे. विषय कोणता घ्यावा असे कार्यवाहांनी विचारले, तेव्हा मी फार विचार केला नाही. सरांनी आठवीत मला एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर शोधण्यात माझी नोकरीची सारी वर्षे गेली. तोच प्रश्न आज आपल्यापुढे मांडतो.

वैशाखात माझ्या हातापायांची फार आग होई. तेव्हा तरसाली म्हणजे शहराच्या दक्षिण अंगाचे खेडे होते. शेते ओलांडून शाळेत यावे लागे. माझी आजी तांब्याच्या ताटात गाईचे तूप घेई, त्यावर गार पाणी ओती, तळहाताने ते फेशी आणि पाणी काढून टाकी. पुन्हा पाणी, पुन्हा फेसणे. मोजणी चुकू नये म्हणून शेजारी चिंचोके मांडलेले असत. शंभर चिंचोके सरले की तूप पांढरेशुभ्र होई, त्याचा रवाळपणा जाई, वास मंदावे आणि बोटावर घेतले की लोण्याहून मऊ लागे. हे शतधौत घृत एका बाटलीत घालून मी वर्गात नेले. सरांनी त्यातले थोडे परीक्षानळीत घेऊन दिव्यावर धरले. तूप वितळले, तळाशी पाण्याचे थेंब जमले आणि चरचरू लागले. सर म्हणाले, "तूप आणि पाणी एकमेकांना टाळतात. मग हे पाणी आत कशाच्या आधाराने राहिले? आणि किती दिवस राहील?"

वर्गात कोणालाच उत्तर आले नाही. मला तर ते प्रश्न दोन आहेत हेही कळले नव्हते.

आजीची कृती तिच्या माहेरची असली तरी ती फार जुनी आहे. चरकसंहितेत दाहावर आणि विसर्पावर शंभर वेळा, हजार वेळा धुतलेल्या तुपाचा उल्लेख येतो. मेण आणि तिळाचे तेल यांचे सिक्थतैल, राळ घालून केलेले राळेचे मलम, हे आपल्या वैद्यांचे नेहमीचे लेप. 'मलम' हा शब्द मात्र अरबी 'मरहम'वरून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि पुढे वैद्यांनी त्याला 'मलहर' असे संस्कृत रूप दिले. तिकडे रोममध्ये इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याने मधमाश्यांचे मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी एकत्र फेटून लेप केला. त्यातले पाणी अंगावर उडून जाताना गारवा देई, म्हणून पुढे त्याला 'कोल्ड क्रीम' हे नाव पडले. हजारो कोसांच्या अंतरावर दोन वैद्यांना एकच गोष्ट सुचली होती, ती म्हणजे स्निग्ध पदार्थात पाणी कोंडून ठेवणे. दोघांची अडचणही एकच होती. हे पाणी फार काळ कोंडून राहत नसे. गेलेनच्या लेपाला काही दिवसांत पाणी सुटे. आजीचे तूपही ती पंधरवड्यापेक्षा जास्त ठेवीत नसे.

स्वयंपाकघरातली उदाहरणे घेतली तर हा विषय आपल्या अगदी ओळखीचा आहे. दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे सूक्ष्म थेंब; त्यांना धरून ठेवतात ती दुधातली प्रथिने. दही घुसळले की ही रचना उलटी होते. थेंब एकमेकांत मिसळतात आणि लोणी येते, म्हणजे स्निग्धात अडकलेले पाण्याचे थेंब. दूध पाण्याने धुऊन निघते, लोण्याला साबण लागतो. क्रीम आणि मलम यांतला भेद याहून फारसा निराळा नाही. आणि दह्याची कवडी दोन दिवस राहिली की कडेला पाणी सुटते, तेच जेलच्या बाबतीत घडले तर औषधाच्या कारखान्यात हाहाकार उडतो.

एकोणिसाव्या शतकात या कलेत दोन नवे पदार्थ आले. अमेरिकेतील रॉबर्ट चेसब्रो याने खनिज तेलाच्या विहिरींच्या कांबींवर जमणारे चिकट मेण शुद्ध केले आणि १८७२ साली व्हॅसलिनचे पेटंट घेतले. तूप खवट होते, चरबी नासते. व्हॅसलिन वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहते. १८८२ मध्ये जर्मनीत मेंढीच्या लोकरीतून लॅनोलिन काढण्यात आले. ते स्वतःच्या वजनाहून अधिक पाणी पोटात घेऊ शके. टिकाऊपणाचा प्रश्न सुटला असे वैद्यकाला वाटले. पण त्यातून दुसरा प्रश्न उभा राहिला. व्हॅसलिनमध्ये औषध छान टिकते, पण त्यातून ते सहजी बाहेर येत नाही. जे पात्र काही सोडतच नाही, त्यात ठेवलेले औषध रोग्याच्या काय कामाचे?

याच काळात आपल्या बडोद्यात जे घडत होते ते पाहू. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली येथे कलाभवन उघडले. त्याचे सूत्रधार होते सुरतेचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम आणि रसायन ही शास्त्रे कारागिरांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवावीत, अशी त्यांची धारणा होती. देशी भाषांतून शास्त्रीय ग्रंथ आणि परिभाषा सिद्ध करण्याचा उद्योगही त्यांनी आरंभिला. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले आणि छायाचित्रणाची दीक्षा त्यांनी येथेच घेतली. छायाचित्राच्या काचेवरचा थर म्हणजे जिलेटिनच्या जेलमध्ये स्थिर बसवलेले चांदीच्या क्षाराचे कण. कणांना जागच्या जागी धरून ठेवायचे आणि वेळ येताच प्रकाशाला व द्रावणाला त्यांच्यापर्यंत पोचू द्यायचे, ही त्या थराची करामत. आमच्या धंद्याचे मूळ सूत्र हेच.

गज्जरांची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मुंबईत राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा होता. तो खंडेराव गायकवाडांनी देणगी दिलेला. १८९६ मध्ये त्या पुतळ्याला डांबर फासण्यात आले. ते कृत्य आपण केल्याचे पुढे दामोदर हरी चापेकरांनी सांगितले. संगमरवर सच्छिद्र असतो. डाग आत मुरला होता. इतरांना जे जमले नाही ते गज्जरांनी केले आणि दगडाला इजा न होता पुतळा स्वच्छ झाला. पुतळा कोणाचा, डाग कोणी लावला, त्यामागची भावना कोणती, हा इतिहासाचा निराळा आणि मोठा भाग आहे. रसायनाच्या विद्यार्थ्याला त्यातून एवढेच दिसते, की सच्छिद्र पृष्ठभागात एखादा पदार्थ किती खोल जातो आणि तेथून कसा निघतो, हे ज्याला कळले त्याला पुष्कळ कळले. त्वचाही तशीच आहे, फक्त ती जिवंत आहे.

गज्जरांचे दोन शिष्य, भाईलालभाई अमीन आणि कोटीभास्कर, यांनी मुंबईत परळला लहानशी प्रयोगशाळा थाटली आणि १९०७ साली बडोद्यात अलेम्बिक केमिकल वर्क्स उभे राहिले. अलेम्बिक म्हणजे अर्क काढण्याचे पात्र. आरंभी तेथे मद्यार्क आणि औषधी टिंक्चरे तयार होत. टिंक्चर म्हणजे मद्यार्कात उतरवलेले औषध; त्याचा टिकाऊपणा मद्यार्कच सांभाळतो. एक मराठी आणि दोन गुजराती माणसांनी मिळून देशी औषधनिर्मितीचा पाया या गावात घातला, ही आपल्या मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आहे. पुढे १९४३ मध्ये येथे साराभाई केमिकल्स आले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रशास्त्र शाखेत विलीन झाले. औषधनिर्माणशास्त्राचा विभागही त्याच शाखेत वाढला. माझे शिक्षण तेथे झाले, म्हणून गज्जरांच्या विद्यापरंपरेच्या शेवटच्या पंगतीत मी बसलो असे म्हणण्याचे धाडस करतो.

लेपांच्या इतिहासात १९५२ हे वर्ष मी दोन कारणांनी लक्षात ठेवतो. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या सुल्झबर्गर आणि विटन या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड वरून लावल्याने इसबासारखे विकार शमतात, असे दाखवून दिले. त्वचेच्या वैद्यकात तो क्रांतीचा क्षण होता. त्याच वर्षी परळमध्ये केशव विष्णू पेंढरकरांनी विको ही संस्था सुरू केली. त्यांची हळदीची क्रीम १९७० च्या दशकात घरोघरी गेली. ही क्रीम औषध की प्रसाधन, या प्रश्नावर अबकारी खात्याशी त्यांचा जो वाद झाला तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि तेथे निकाल विकोच्या बाजूने लागला. कराच्या दराचा हा वाद वरवर रुक्ष वाटेल. पण 'हे औषध आहे की सौंदर्यसाधन?' हा प्रश्न किती जीवघेणा होऊ शकतो, ते मी शेवटी सांगणार आहे.

आता जेलकडे येतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत कार्बोमर नावाची पांढरी, हलकी भुकटी तयार झाली. बाजारात ती कार्बोपॉल या नावाने आली. सब्जाचे बी पाण्यात टाकले की फुगते, तशी हिची तऱ्हा आहे. पण कारण निराळे. तिचे रेणू लांबलचक असून गुंडाळलेल्या दोऱ्यासारखे पडून असतात. पाण्यात भिजवली की आंबट, पातळ, गढूळ द्रव होतो. त्यात ट्रायइथॅनोलअमीनसारखा अल्क थेंबथेंब घातला की दोऱ्यावरच्या आम्लगटांवर ऋण भार येतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, दोरा उलगडतो आणि पाहता पाहता सारे भांडे पारदर्शक जेलने भरते. शंभर ग्रॅम पाण्याला अर्धा ते एक ग्रॅम भुकटी पुरते. हे मी प्रथम पाहिले तेव्हा मला आजीच्या ताटाची आठवण झाली. तिला शंभर वेळा हात फिरवावा लागे. येथे अल्काचे काही थेंब पुरले.

या जेलमध्ये तेलाचे सूक्ष्म थेंब पसरवले की जेल-क्रीम होते, ज्याला व्यवहारात इमल्जेल म्हणतात. थेंबांना पायसीकारक पदार्थ वेढून ठेवतो. भोवतीचे जेल त्यांना वर तरंगू देत नाही की एकमेकांत मिसळू देत नाही. पाण्यात विरघळणारे औषध पाण्यात राहते, तेलात विरघळणारे तेलात. सरांच्या पहिल्या प्रश्नाचे, 'कशाच्या आधाराने?' याचे उत्तर मला येथे मिळाले. आधार दोन असतात. एक थेंबाच्या कडेवर उभा असतो, दुसरा थेंबांमधल्या मोकळ्या जागेत.

ऐकायला हे सोपे आहे. करताना काय होते ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. भुकटी घाईने टाकली तर गुठळ्या होतात. त्या बाहेरून फुगतात, आत कोरड्या राहतात, आणि मग कितीही घुसळा, फुटत नाहीत. म्हणून ती पाण्याच्या भोवऱ्यात चिमटीचिमटीने सोडावी लागते आणि रात्रभर भिजू द्यावी लागते. तेलाचा आणि पाण्याचा भाग साधारण ७० अंशांना गरम करून, दोन्हींचे तपमान जुळवूनच एकत्र करावे लागतात. एक गार असला तर मेण तेथेच गोठते. अल्क घातल्यावर जोराने घुसळले तर हवा शिरते आणि बुडबुडे जेलमध्ये कायमचे अडकून बसतात. बुरशी येऊ नये म्हणून परिरक्षक हवा, पण तो थेंबांत शिरून बसला तर पाणी उघडे पडते, आणि बुरशी पाण्यातच येते.

सर्वांत मोठी खोड मिठाची. मिठाचे धन भार दोऱ्याच्या ऋण भारांवर पांघरूण घालतात. रेटा संपतो, दोरा पुन्हा गुंडाळतो, जेल पातळ होते. डायक्लोफिनॅक हे सांधेदुखीचे औषध सीबा-गायगी कंपनीकडून आले. ते पोटात घ्यायचे तर सोडियमचा क्षार चालतो. पण १९८० च्या दशकात त्याचे इमल्जेल आले तेव्हा त्यात डायइथिलअमीनचा क्षार वापरला गेला. ट्यूबवर १.१६ टक्के असा चमत्कारिक आकडा असतो तो म्हणूनच. सोडियम क्षाराच्या १ टक्क्याशी तो जुळवलेला आहे. असा लहानसा आकडादेखील कोणाच्या तरी खटपटीचा इतिहास सांगत असतो.

आणि आता या विद्येतली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट. मिठाला भिण्याची जी खोड डब्यात आम्हाला रडवते, तीच अंगावर उपयोगी पडते. घामात मीठ असते. जेल त्वचेला टेकले की घामातल्या मिठाने त्याची वीण सैल होते. हाताने चोळले की ते आणखी पातळ होते, पाणी उडून जाते आणि औषध त्वचेवर मोकळे होते. आम्ही सारे आयुष्य जे मोडू नये म्हणून झटतो, ते योग्य जागी, योग्य क्षणी मोडावे हीच तर अपेक्षा असते.

पुढची वाट मात्र औषधाची त्याची त्याला चालावी लागते. त्वचेच्या अगदी वरचा मृत पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. वहीच्या कागदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. पीटर एलियास यांनी १९८० च्या दशकात त्याला विटांच्या भिंतीची उपमा रूढ केली : पेशी या विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्ये हा चुना. औषधाला या चुन्यातून वाट काढावी लागते. २००० साली बॉस आणि मेनार्डी यांनी ढोबळ नियम सांगितला, की ५०० डाल्टनहून जड रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. लेपातून औषध कोणत्या गतीने बाहेर येते याचे गणित ताकेरू हिगुची यांनी १९६१ मध्ये मांडले. बाहेर आलेले औषध काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या तासात जेवढे सुटले त्याच्या दुप्पट व्हायला चार तास लागतात, तिप्पट व्हायला नऊ. १९७५ मध्ये थॉमस फ्रान्झ यांनी काचेचे दोन कप्पे करून मधे त्वचेचा तुकडा ताणून बसवला. वर लेप, खाली द्रावण. त्या साध्या काचपात्राने प्रयोगशाळांतले अनेक गैरसमज दूर केले. लेप मऊ लागतो म्हणजे तो काम करतो असे नाही, हे त्याने आम्हाला शिकवले.

सरांचा दुसरा प्रश्न, 'किती दिवस?' याचे उत्तर मला पुस्तकाने दिले नाही. ते बडोद्याच्या उन्हाने दिले.

शिक्षण संपवून मी जवळच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात लागलो. तरसालीहून सायकलने जाता येई. माझ्या हाताखाली तरसालीच्या आय.टी.आय.तून आलेले दोन तरुण होते आणि यंत्राचे कान पिळण्यात ते माझ्याहून हुशार होते. तेथे आम्ही अंगदुखीवरचे एक पारदर्शक जेल केले. मालकांना ते इतके आवडले की त्यांनी ते स्वच्छ प्लास्टिकच्या डबीत भरले. दुकानदाराने काचेच्या कपाटात मांडावे म्हणून. फेब्रुवारीत माल गेला. मे महिन्यात परत येऊ लागला. डबीत जेलच्या जागी पाणी होते. मालक म्हणाले, मिठाचा अंश राहिला असेल. मी तपासले, तो नव्हता. उन्हाळ्यात येथे पारा ४२-४३ अंशांवर जातो, गोदामाला पत्र्याचे छप्पर. म्हणून मी उष्णतेला दोष दिला. परंतु गोदामात खोक्यात बंद असलेल्या डब्या शाबूत होत्या! बिघडल्या होत्या त्या फक्त दुकानात मांडलेल्या.

हाताखालच्या एका तरुणाने ते प्रथम ओळखले. तो म्हणाला, "साहेब, कपाटावर ऊन येतं." कार्बोमरच्या दोऱ्यांना सूर्यप्रकाश तोडतो, आणि पाण्यात लोहाचा अंश असेल तर फारच वेगाने तोडतो. आमचे पाणी कूपनलिकेचे होते आणि त्याचे शुद्धीकरण अर्धवट होते. पुढे आम्ही पाणी नीट शुद्ध केले, धातूंना बांधून ठेवणारे ईडीटीए अल्प प्रमाणात घातले आणि डबी सोडून अॅल्युमिनियमची ट्यूब घेतली. जेल दिसेनासे झाले, पण टिकले. आज नियमाप्रमाणे लेप ४० अंश तपमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून पाहतात, शिवाय आपल्या हवामानासाठी ३० अंशांवर दीर्घकाळ ठेवतात. हे सारे आवश्यक आहे. तरी दुकानाचे कपाट कोणत्या दिशेला आहे हे कोणत्याही कोष्टकात लिहिलेले नसते.

ही हकिकत मी सरांना सांगितली तेव्हा ते प्रसन्न हसले. दुसरी हकिकत सांगितली तेव्हा मात्र ते बराच वेळ गप्प राहिले. ती येथे सांगितल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही.

१९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी वैद्यांनी त्वचेवरचे काळे डाग फिकट करण्यासाठी तीन द्रव्यांचे मिश्रण सुचवले : ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि एक स्टेरॉइड. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीसाठी ते उपयोगी आहे. आपल्याकडे त्याच धर्तीच्या क्रीम औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळू लागल्या आणि गोरे होण्यासाठी लोक त्या रोज लावू लागले. गजकर्णावरच्या क्रीममध्येही जबर स्टेरॉइड मिसळले जाई. खाज एका रात्रीत थांबे, बुरशी मात्र आत फोफावत जाई.

मी दुसऱ्या एका कंपनीसाठी अशाच क्रीमचा पाया तयार केला होता. पाया म्हणजे औषध सोडून बाकी सारे. तो माझ्या हातून झालेला सर्वांत सुबक पाया होता. तेलकट नाही, चिकट नाही, सुगंध मंद, लावताच मुरणारा. ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन दोन्ही हवेने बिघडणारी द्रव्ये. ती त्यात उत्तम टिकत. मला त्याचा अभिमान होता.

२०१२ च्या सुमारास आपल्याच वस्तीतली एक मुलगी आपल्या आईबरोबर माझ्या घरी आली. तिचे लग्न ठरत होते. चेहरा लालबुंद, कातडी कागदासारखी पातळ, गालांवर शिरांचे जाळे, उन्हात पाऊल टाकणे अशक्य. आठ महिने ती एक क्रीम लावीत होती. बंद केली की आग होई, म्हणून पुन्हा लावी. तिने ट्यूब पुढे केली. नाव वाचण्याआधी मी थोडी क्रीम बोटावर घेतली आणि बोटालाच ओळख पटली. तिची आई म्हणाली, "काका, लावायला इतकी छान आहे, म्हणून वाटलं चांगलीच असेल."

त्वचारोगतज्ज्ञांच्या उपचाराने ती मुलगी बरी झाली. वर्षाहून अधिक काळ लागला. मी कंपनीला लिहिले, की वेष्टनावरची सूचना मोठ्या अक्षरांत छापावी. उत्तर आले, की कायद्याप्रमाणे सूचना छापलेलीच आहे. मी ते काम तेव्हा सोडले असे आपणांस सांगू शकलो असतो तर बरे झाले असते. मी आणखी दोन वर्षे ते करीत राहिलो.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या गैरवापराविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठवला. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड लेप 'एच' परिशिष्टात घातले. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाहीत. नियम झाला, त्याचे पालन किती दुकानांत होते ते आपण सारे जाणतो. औषध की सौंदर्यसाधन, हा प्रश्न न्यायालयात कराच्या दरापुरता असतो. स्वयंपाकघराच्या आरशापुढे तो एखाद्या मुलीच्या चेहऱ्याचा असतो.

हे सारे ऐकल्यावर सर जे बोलले ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत सांगतो. "पाणी तुपात कसं राहतं ते तू शोधलंस. किती दिवस राहतं तेही शोधलंस. लावणारीला काय माहीत असायला हवं, हा प्रश्न मी तुला विचारायचा राहून गेला." दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. तो त्यांचा नव्हता.

त्यानंतर मी दर वर्षी या शाळेत नववीच्या वर्गावर एक तास घेतो. मुलांना घरातल्या रिकाम्या ट्यूब आणायला सांगतो. आम्ही त्यांवरची बारीक अक्षरे भिंगाने वाचतो. डाव्या अंगाची लाल रेघ कशासाठी असते, 'आरएक्स' म्हणजे काय, बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही नावे दिसली तर घरी काय सांगायचे, एवढेच शिकवतो. गेल्या वर्षी एका मुलाने आपल्या वडिलांची गजकर्णाची ट्यूब आणली. त्यावर क्लोबेटासोल होते. तो तास संपायच्या आत त्याने घरी दूरध्वनी करण्याची परवानगी मागितली.

गज्जरांनी आपल्या भाषेत रसायन शिकवण्याचा आग्रह धरला, त्याला शतक उलटून गेले. ट्यूबवरची सूचना बहुधा आजही परक्या भाषेत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत असते. तासाच्या आरंभी मी मुलांना शतधौत घृत करून दाखवतो. तांब्याचे ताट आजीचेच आहे. वर्गात शंभर वेळा धुण्याइतका वेळ नसतो, म्हणून निम्मे मी घरून करून आणतो आणि उरलेले मुले आळीपाळीने करतात. मग परीक्षानळी दिव्यावर धरतो, पाणी चरचरते, आणि सरांचे दोन्ही प्रश्न विचारतो. तिसराही विचारतो.